‘निकामी’ : एका शब्दाचा सामाजिक इतिहास

भिवंडीजवळच्या टेमघरसारख्या वस्त्यांत यंत्रमाग हा मजुरीचा मोठा आधार राहिला आहे. तासन् तास उभे राहणारे पाय, तुटलेला धागा हेरणारी नजर आणि तो सांधणारी बोटे, हीच मागावरील पात्रता होय. त्यांपैकी एक अंग गेले की ‘पाय निकामी झाला’ असे आपण म्हणतो, आणि पुढे तो शब्द पायावरून माणसावर सरकतो. ‘काम नसलेला’ व ‘कुचकामी’ हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात कोंबले आहेत. फारसी वळणाच्या ‘बेकार’ शब्दाची गतही तीच. हा अर्थसंकर केवळ भाषेपुरता राहत नाही.

बेकारीने मन कसे खचते, याचा एक मौलिक अभ्यास कापडाच्याच गावी झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल येथील गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल यांनी तेथे केलेले संशोधन १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताशी वेळ उदंड होता. तरी वाचनालयातील पुस्तकांची मागणी घटली, पुरुषांची चाल मंदावली. वेतनाखेरीज काम दिवसाला आकार, घराबाहेरचा सहवास व समाजात स्थान देते, हे याहोडा यांनी पुढे विशद केले. मारिएन्थालच्या कामगारांनी हे गमावले होते. अनेक अपंगांना ते मुळात लाभलेलेच नसते, आणि ज्यांच्या आश्रयाने जगावयाचे त्यांच्यापाशी त्याची तक्रार तरी कशी करावी?

आपल्याकडे तर कायद्यानेच काही माणसांना निकामी ठरविले होते. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक अधिनियमाने, अधिसूचित क्षेत्रांत, त्यांना खाद्यपदार्थ विकण्याची मनाई करता येत असे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोड्याजवळ आनंदवन उभारले. तेथे औषधाच्या जोडीला विहीर खणणे व शेती आली. परंतु भाजीपाला पिकला तरी तो विकत घेण्यास वरोडेकर प्रारंभी धजेनात. काम मिळाले, तरी त्या कामाला गिऱ्हाईक मिळावे लागते.

मनोरुग्णांची कथा याहून उशिराची. १९९५ च्या अधिनियमाने मानसिक आजाराची गणना अपंगत्वात केली. मात्र शासकीय नोकऱ्यांतील ३ टक्के राखीव जागांत त्याला वाटा दिला नाही. तो २०१६ च्या अधिनियमाने, जागा ४ टक्के करताना, दिला. सेवेत असता अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला त्या कारणास्तव काढता येत नाही, ही तरतूद १९९५ पासूनची. टेमघरच्या मागावर हात गमावलेल्या कामगाराला कायद्यान्वये नुकसानभरपाई मागता येते. काम मागता येत नाही.