पतंगाआधी त्याचे झाड

मौद्यात पतंगांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो पावसाळ्यात पांढऱ्या चादरीमागे दिवा लावून बसण्याचा. अवश्य बसावे. पण दिव्यावर येतो तो वाढ पूर्ण झालेला पतंग. तो कशावर वाढला, हे झाडाकडेच विचारावे लागते. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत करताना माझा एकच आग्रह आहे: आधी झाडे ओळखा.

पेंचच्या कालव्यावरच्या धानात पिवळा खोडकिडा सहज भेटतो. मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. अळी खोड पोखरते आणि गाभेमर होते. तिचे मुख्य अन्न धान, म्हणून तिचा पसाराही धानाच्या मागोमाग जपानपर्यंत गेलेला.

मौद्याहून पूर्वेला भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात गेलात की टसरचा, म्हणजे आपल्या कोशाचा, पतंग भेटतो. माझ्या मते विदर्भातला हा सर्वांत देखणा जीव. पंख पसरले की तो १५ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. मादी नराहून मोठी, बहुधा पिवळसर किंवा राखाडी, नर तांबूस-तपकिरी. चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक डोळा. पतंगाला खाता येतच नाही. अळीने साठवले त्यावरच त्याचे थोडके दिवस निघतात. म्हणून सारी मदार ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर. पूर्वेकडे, झारखंड-ओडिशात, साल हेही त्याचे मोठे झाड. बोर, जांभूळ, धावड्यावरही अळ्या सापडतात. हिरवीगार अळी चार वेळा कात टाकते आणि फांदीला कडे घालून, देठाने लोंबणारा टणक कोष विणते. हिवाळा-उन्हाळा त्यातच काढून पतंग पावसाच्या तोंडावर बाहेर येतो. ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडांवर या अळ्या वाढवत आली, पाखरांपासून त्यांची राखण करत आली. झाड आणि अळी यांचे नाते त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. नवख्याने आधी त्यांच्याजवळ बसावे.

हॅम्पसनचे भारतीय पतंगांवरचे चार खंड (१८९२-९६) आजही उघडावे लागतात, पण त्यांचा मुख्य भर पंखांच्या वर्णनावर आहे. अळ्यांच्या, खाद्यझाडांच्या स्थानिक नोंदी आपणच करायच्या आहेत. कन्हानकाठच्या अर्जुनावर, बांधावरच्या बोरीवर अळी दिसली की झाडाचे नाव, तारीख आणि जागा लिहा. त्याच झाडाचा ताजा पाला देत तिला वाढवा, आणि पतंग बाहेर आल्यावरच नोंदीसमोर त्याचे नाव घाला.