केडगावच्या माळावर

फराळाचे ताट पुढे असता दुष्काळाची गोष्ट काढतो, वाचकहो, क्षमा असावी. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच उपासमारीने गेले. १८८३ साली इंग्लंडात बाई ख्रिस्ती झाल्या. पुढे शारदासदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठले. ते अगदीच निष्कारण होते असे मी म्हणणार नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात धावून गेल्या त्या याच बाई! गाठीला पुरेसा पैसा नव्हता. प्रभू देईल, एवढाच भरवसा. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो पोरी त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांना निवारा केला. पुढे तेथल्या मुक्तिसदनात मुली माग चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंचे मराठी बायबल छापले गेले ते तिथल्याच मुलींच्या हातांनी.