जठरातील लढाई आणि कष्टकऱ्यावरील ठपका

रोग कशाने होतो याचा इतिहास हा पुष्कळदा दोष कोणाच्या माथी मारला गेला याचाही इतिहास असतो. नांदेडच्या गिरणीत किंवा लातूरच्या आडतीवर राबणाऱ्या माणसाच्या पोटात आग पडू लागली, की उत्तर ठरलेले असे : तिखट सोडा, चहा सोडा, काळजी करू नका. विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकाचे मतही याहून फारसे निराळे नव्हते. जठरव्रण, म्हणजे अल्सर, हा आम्लाचा व मनस्तापाचा रोग मानला जाई. आम्ही काही वैद्य नव्हे. कामगार चळवळीत वाढलेली, मिळेल ते पुस्तक वाचून शिकलेली माणसे आहोत. परंतु हे मत कसे बदलले, ते प्रत्येक नागरिकास ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

या हकिगतीचा आरंभ १८८२ सालचा. इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलांत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. परकी वस्तू आत शिरताच शरीराच्या पेशी तिच्यावर चालून जातात व तिला गिळू पाहतात, हा सिद्धान्त त्याने मांडला. ओडेसा येथील त्याचा शिष्य हाफकिन पुढे हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्‌भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याचेच नाव चालविते. शरीराची फौज आधीच सज्ज करता येते, हा विचार महाराष्ट्रात असा संकटकाळी कामी आला.

जठराच्या बाबतीत मात्र या फौजेचा विचार फार उशिरा झाला. तेथील तीव्र आम्लात जंतू तग धरणारच नाही, अशी समजूत होती. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांस जठराच्या अस्तराच्या तुकड्यात वळणदार जंतू दिसले. आणि जेथे जंतू, तेथे पांढऱ्या पेशींची गर्दी! १९८२ साली बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरासह त्यांनी ते जंतू प्रयोगशाळेत वाढविले. तरीही जाणत्यांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याले. काही दिवसांतच त्यांना ओकाऱ्या होऊ लागल्या व जठरास दाह झाल्याचे तपासणीत आढळले. २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

त्याची युक्ती पाहण्याजोगी आहे. शेतकऱ्याच्या ओळखीचा युरिया आपल्या शरीरातही थोडा असतो. त्यापासून हा जंतू अमोनिया तयार करतो, भोवतालचे आम्ल मारतो आणि अस्तरावरील बुळबुळीत थरात दडून बसतो. पांढऱ्या पेशी अस्तरात धावून येतात, दाहक द्रव्ये सोडतात, मागून आणखी कुमक मागवितात. परंतु बहुतेक जंतू त्यांच्या आटोक्याबाहेरच राहतात. मग लढाई वर्षानुवर्षे चालते आणि झीज होते ती आपल्याच अस्तराची. अनेकांस त्याचा पत्ताही लागत नाही. काहींस व्रण होतो, थोड्यांस पुढे कर्करोग. तिखटाने जळजळ वाढत असेल. व्रणाचे मूळ मात्र बहुधा या जंतूत, नाहीतर अंगदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांत असते. जंतू असल्याचे तपासणीत ठरले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे दोन आठवडे जंतुनाशक औषधे घेऊन तो घालविता येतो.

हा जंतू बहुधा लहानपणीच घरच्या माणसांकडून पोटात जातो. दाटीचे घर, शौचालयाची उणीव आणि दूषित पाणी यांनी त्याचे फावते. राहणीमान सुधारले की त्याचा प्रसार कमी होतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. जेथे घागरीसाठी रांग लागते, तेथे हात स्वच्छ धुण्याचा उपदेश कोणी कोणास करावा?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की पोट धरून बसलेल्या हमालास त्याच्या सवयींचा जाब विचारण्याआधी त्याच्या वस्तीतला नळ पाहावा. शुद्ध पाणी, शौचालय आणि परवडणारी तपासणी या मागण्या आम्ही पगाराच्या मागणीशेजारीच लिहितो. त्यांची जागा तेथेच आहे.