रॉबर्टसनचा भूतबंगला

मागच्या वर्षी जत्रेतल्या भूतबंगल्यात गेलो होतो. सांगाडा अंगावर पडला, चेटकीण किंचाळली, आम्ही खिदळत पुढे. शेवटच्या खोलीत मात्र फक्त एक लोखंडी खाट आणि मॉनिटरचा टूं... टूं... आवाज. बाबा आयसीयूत होते ते दिवस आठवले आणि मी तडक बाहेर आलो. (बाबा आता ठणठणीत आहेत, काळजी नको.) ती खोली ज्याने मांडली, त्याला भीती नेमकी कुठे असते ते कळलं होतं.

हे ओळखणारा एक माणूस सव्वादोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये होता. एत्येन-गास्पार रोबेर, स्टेजवरचं नाव रॉबर्टसन. फ्रेंच राज्यक्रांतीतला दहशतीचा काळ १७९४ मध्ये संपला. त्यात सुमारे १७ हजार लोकांना मृत्युदंड झाला होता, बहुतेकांना गिलोटिनवर. म्हणजे याच्या प्रेक्षकांत घरचं माणूस गमावलेले असणारच ना!

१७९९ मध्ये त्याने खेळासाठी कपुसिन पंथाचा ओसाड मठ घेतला. आत मिट्ट काळोख. त्याचं हत्यार होतं मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणारं यंत्र. (कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी पुढे 'शांबरिक खरोलिका' दाखवली, ती याच जातीच्या यंत्रावर.) रॉबर्टसनने यंत्राला चाकं लावून ते पडद्यामागे लपवलं. चित्राभोवतीची काच काळी रंगवली, त्यामुळे चौकट दिसेना, नुसता चेहरा अंधारात तरंगू लागला. यंत्र मागे ओढलं की चित्र मोठं होई आणि लोकांना वाटे, भूत अंगावर येतंय.

आणि चेहरे कुणाचे? मारा, रोबेस्पिएर यांच्यासारखे, नुकतेच मेलेले, सगळ्यांच्या ओळखीचे. १७९८ च्या एका खेळात तर कुणीतरी म्हणालं, सोळाव्या लुईला बोलवा! त्यावरून सरकारने खेळच काही काळ बंद पाडला. बाकी भुतं चालतील, राजाचं नको.

रॉबर्टसन म्हणायचा, मी लोकांच्या डोक्यातली भुताखेतांची खुळं घालवतोय. मला ते अर्धंच पटतं. लोकांच्या ताज्या जखमेवर त्याने तिकीट लावलं होतं. पण लोक पैसे देऊन येत होते, हेही खरंच. ज्यांना धड निरोपही देता आला नाही, त्यांचा चेहरा क्षणभर दिसावा म्हणून येत असतील का?

तुम्ही गेला असता? कमेंटमध्ये सांगा. मी बहुतेक गेलो असतो, पण दाराजवळची जागा धरून.