टेनेसी संस्थानातील एक वर्ष : १९२५

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेनेसीने १९२५ च्या मार्चमध्ये कायदा करून, मानव खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकविण्यास बंदी केली. परंतु संस्थानाच्याच मंजुरीने चालू असलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उत्क्रांतिवाद होताच! जुलैत डेटन गावी जॉन स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर खटला झाला. प्रख्यात वक्ते ब्रायन फिर्यादीच्या बाजूने, तर नामांकित वकील डॅरो बचावास उभे राहिले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. दंड ज्यूरीऐवजी न्यायाधीशाने ठरविला, एवढ्याच कारणावरून १९२७ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. नेमलेले पुस्तक शिकविणारा गुरुजी दोषी कसा, याचा विचार प्रत्येक ज्ञातिबांधवाने करावा.