'जर्मन' जोडायला नगरला का जावं लागतं?

गेल्या महिन्यात आईच्या वॉकरला चीर गेली. आडवी नळी उभ्या नळीला जिथं जोडलेली असते, नेमकी तिथं. नळी अ‍ॅल्युमिनियमची, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. पैठण रोडपासून नेवासा रोडपर्यंत चार वेल्डिंगवाल्यांकडं फिरलो. चौघांचं उत्तर एकच : "भाऊ, लोखंड आणा, स्टील आणा, लगेच करून देतो. हे नाही व्हायचं. भोक पडतं."

शेवटी नगरला, एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये ते काम झालं. काम दहा मिनिटांचं, जाऊन-येऊन प्रवास सव्वाशे किलोमीटरच्या वर. तोवर दोन दिवस आई पलंगावरच. बाथरूमला जायचं तरी कुणाचा तरी हात धरून.

नवा वॉकर घ्यायचा की, असं कुणी म्हणेल. घेता येतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. जे नगरात होतं ते शेवगावात का होत नाही? थोडं वाचलं, थोडं त्या शेडमधल्या कारागिराला विचारलं. ते तुमच्यासमोर ठेवतो.

अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडं जुनी माणसं अजून 'जर्मन' म्हणतात. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्यानं हा धातू स्वस्तात काढायची पद्धत शोधली. त्याआधी तो महागडा होता. 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी बनवायला सुरुवात केली. पुढं हे स्वस्त, हलकं भांडं गोरगरिबांच्या चुलीपर्यंत पोचलं. पण एक खोट राहिली. तांब्या-पितळेच्या भांड्याला डाख लावता येई, कल्हई करता येई. जर्मनचं पातेलं गळायला लागलं की बाहेरून पत्र्याचं ठिगळ आणि रिव्हेट. जोड काही बसत नसे.

कारण असं. या धातूवर हवेमुळं एक अदृश्य कातडी तयार होते. घासून काढली तरी क्षणात परत येते. आतला धातू 660 अंशांना वितळतो, पण ही कातडी वितळायला दोन हजार अंशांच्याही वर तापमान लागतं. म्हणजे कातडी फुटेपर्यंत आत पाणी झालेलं असतं. आमच्या वेल्डिंगवाल्यांचं 'भोक पडतं' ते हेच.

पूर्वी ही कातडी खायला एक क्षारांची भुकटी वापरत आणि गॅसच्या ज्योतीनं जोड मारत. पण भुकटी जोडाला चिकटून राहिली की नंतर धातूच खायची, म्हणून काम झाल्यावर ती धुवून काढावी लागे. पत्र्यावरची धुता येते. बारीक नळीच्या आतली कशी धुणार?

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस विमानांच्या मागं लागला होता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. 1941 मध्ये तिथून पहिलं विमान उडालं, 1942 मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच. विमानाचे पत्रे त्या काळी रिव्हेटनंच जोडत, कारण विमानाचं मजबूत अ‍ॅल्युमिनियम वितळवून जोडलं तर चिरा पडतात आणि ताकद जाते. आजही बहुतेक विमानांत रिव्हेट असतात. आपलं ठिगळ लावलेलं पातेलं आणि विमान, दोघांची अडचण एकच होती बघा.

त्याच 1941 च्या आसपास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ मॅग्नेशियम जोडायची युक्ती शोधत होते. त्यांनी टंगस्टनची कांडी घेतली. ती सुमारे 3,400 अंशांपर्यंत टिकते, म्हणून स्वतः वितळत नाही, फक्त ठिणगी देते. आजूबाजूला हेलियम वायू सोडला, म्हणजे हवा जोडाला शिवणार नाही. 1942 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पुढं हेलियमऐवजी बहुतेक ठिकाणी आर्गॉन आला. हेच टिग वेल्डिंग. भुकटी नाही, म्हणून धुणंही नाही. आता नळी जोडता येऊ लागली.

अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र आणखी एक गोष्ट लागते. वीज एका दिशेनं वाहिली तर कातडी फुटते, पण कांडी फार तापते. उलट दिशेनं वाहिली तर उष्णता कामात जाते, पण कातडी तशीच राहते. म्हणून दोन्ही आळीपाळीनं हवं, म्हणजे एसी.

बाकी सगळं हाताचं काम. लोखंड आधी लाल होतं, मग वितळतं. हे लाल होतच नाही. नुसतं चमकतं आणि पुढच्या क्षणी खाली पडतं. एक मिलिमीटरच्या नळीला चाळीसेक अँपिअर पुरतात, आणि नळी तापत जाईल तसा पायातल्या पेडलनं करंट कमी करत आणायचा. शेवटी एकदम सोडला तर तिथंच खड्डा पडून चीर जाते. नगरच्या कारागिरानं आधी नळी पुसली, मग स्टीलच्या वेगळ्या ब्रशनं घासली. लोखंडाला लावलेला ब्रश इथं चालत नाही. "जोडाशेजारी नळी नरम पडते, म्हणून आतून तुकडा घातलाय. आईंना सांगा, एकदम भार टाकू नका," असंही त्यानं बजावलं.

आता मुद्द्यावर येतो. शेवगावात टिग नाही असं नाही. तुमच्या बंगल्याच्या जिन्याला स्टीलचं चकचकीत रेलिंग आहे ना? बहुतेक ते टिगनंच जोडलेलं असतं. म्हणजे हात तयार आहेत, आर्गॉनची टाकी आहे. पण आपल्या पोरांकडची स्वस्त इन्व्हर्टर मशीन डीसी आहेत. अडलंय ते एसीच्या मशीनवर आणि सरावावर. चौघांपैकी एकजण म्हणालाच, "मशीन घेईन हो, पण शिकताना शंभर नळ्या जाळाव्या लागतील, त्या कुणाच्या?"

कारखान्यात त्या नळ्या कारखाना जाळतो. ओझरला 1964 मध्ये विमानांचा कारखाना आला, नगरला 1972 मध्ये लुना आली, तिथल्या शेडांमध्ये पोरं शिकली. जिथं कारखाना नाही तिथं ही जागा आयटीआयची. वेल्डर हा एक वर्षाचा कोर्स आहे आणि टिग त्यात आहे. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे, कुलूपवाला आहे, वेल्डर नाही. लोहाराचा नातू आज वेल्डिंगच करतोय, हे योजना लिहिणाऱ्यांना कुणी सांगायचं?

म्हणून पालकांनो, पोराला वेल्डर ट्रेडला घालताना एकच विचारा : वर्षभरात माझा पोरगा स्वतःच्या हातानं किती अ‍ॅल्युमिनियम जोडणार? आणि तालुक्यातल्या पुढाऱ्यांना विचारा : एक एसी मशीन, संध्याकाळी दोन तास, गावातल्या वेल्डरांना सरावासाठी खुलं ठेवता येईल का? कमानीच्या खर्चापुढं हा खर्च फार नाही.

आई आता पुन्हा अंगणापर्यंत चालते. जोड टिकलाय.