खानदेशी जिभेचा इतिहास
१९०६ साली सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हा पाचोरा तालुका पूर्वेकडे दाखल झाला. परंतु वाणीचा मुलूख अशा सरहद्दी मानीत नाही. इकडील बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो: जिव्हाग्र मागे वळून मूर्ध्यास लागावयाचे, ते खालीच राहते आणि जिभेचा मध्यभाग तालूकडे उचलला जातो. वर्णांची आठ स्थाने सांगणाऱ्या पाणिनीय शिक्षेच्या परिभाषेत हे मूर्धन्याचे तालव्य होणे होय. त्यास अशुद्ध म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कारण कर्णपटलाचे कंपन तीन चिमुकल्या अस्थींवाटे अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचते, तेव्हा बालक आजीचाच उच्चार प्रमाण मानून जीभ वळविते. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशीची नोंद भिल्ली बोलींसमवेत केली.